बरोबरीचा रविवार

कोलमन घरी पोचला तोवर चहा दोनदा उकळून झाला होता, आणि टायगकाका बाबांच्या खुर्चीत बसला होता.

मुद्दाम नव्हे. तीस वर्षांनी बोस्टनहून आलेल्या माणसाच्या लेखी चुलीच्या डाव्या अंगाची ती खुर्ची अजून आजोबांचीच होती. ती थोरल्या भावाची, मॅलकीची, कधी झाली हे त्याला कुणी कळवलं नव्हतं. बाबा दारात थबकले, टोपी काढून खिळ्याला अडकवली आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसले. कोलमनची बहीण अट्रॅक्टा ब्रेड कापत होती. तिने ते पाहिलं आणि पुन्हा ब्रेडकडे लक्ष घातलं. पंधरा दिवस हे दोघे भाऊ एका छपराखाली राहत होते आणि हवा नि गवत यांखेरीज एकमेकांशी अक्षर बोलले नव्हते.

संध्याकाळचे सात वाजले होते, पण जुलैतला उजेड दुपारसारखाच लख्ख होता. तुआमच्या मैदानावरून परतणाऱ्या मोटारी आणि लॉऱ्या किलव्हार्नाच्या रस्त्याने चालल्या होत्या, आणि डेव्हनींच्या फाटकापाशी आलं की प्रत्येक जण भोंगा वाजवत होता. अंतिम सामना संपायला अर्धं मिनिट उरलं असताना कोलमन डेव्हनीने पंचेचाळीस यार्डांवरून फ्री किक घेतली होती आणि चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून पार करून बरोबरीचा गुण मिळवला होता. स्लायगो अकरा, गॉलवे अकरा. तीस वर्षांत त्यांचा जिल्हा, स्लायगो, कपाच्या इतक्या जवळ गेला नव्हता.

कोलमन आत आला. डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं आणि तो जरा लंगडत होता.

"हात धू आधी," आई म्हणाली. "मग दाखव तो डोळा."

"जरा वाकडी मारली असतीस ना," टेबलाच्या टोकाकडून फर्गल म्हणाला, "तर सगळ्यांचीच सुटका झाली असती."

"फर्गल."

"खोटं आहे का, आई? हरले असते तर हा गुरुवारी विमानात बसला असता. जिंकले असते तर निदान कप तरी बघून गेला असता. हे काय, ना धड इकडे ना तिकडे."

कोलमन हसला. फर्गल नाही.

तो उन्हाळाच तसा होता. पुढे कितीतरी वर्षांनी, स्वतःची मुलं मोठी झाल्यावरही, कुणी 'तो उन्हाळा' म्हटलं की अट्रॅक्टाला कुठला ते विचारावं लागत नसे. डेव्हनींची जमीन अठ्ठावीस एकर, त्यातली निम्मी पाणथळ. ती थोरल्याला, फर्गलला, जाणार हे ठरलेलं. फर्गलचं आणि ब्रीजी लॅव्हिनचं लग्न ठरून चार वर्षं झाली होती, आणि या स्वयंपाकघरात एक माणूस कमी झाल्याखेरीज ब्रीजी यायची नव्हती, हेही ठरलेलं. धाकट्या कोलमनने अमेरिकेत टायगकाकाकडे जायचं. काकाने गॅस कंपनीत नोकरी बघून ठेवली होती. व्हिसा झाला होता, एकतीस जुलैपर्यंतचा. तिकीट एक जूनचं होतं.

पण मेच्या तिसऱ्या रविवारी प्रांताच्या स्पर्धेतली पहिली फेरी होती, रॉसकॉमनशी. या स्पर्धेत हरला तो घरी बसला, पुढच्या वर्षीपर्यंत. स्लायगोने अकरा वर्षांत पहिली फेरी ओलांडली नव्हती, म्हणून आईने शनिवारीच कोलमनचे शर्ट इस्त्री करून बॅगेत भरले. रविवारी संध्याकाळी तेच शर्ट तिने काढून परत कपाटात ठेवले, आणि ठेवताना ती काहीतरी गुणगुणत होती.

तारा पाठवायचं काम अट्रॅक्टाकडे. ती गावच्या पोस्टात बसायची. 'रॉसकॉमन हरलं. कोलमनला उशीर.' अशी तार तिने बोस्टनला केली. तिला वाटलं होतं काका चिडेल. उत्तर आलं, एकाच शब्दाचं: 'कितीने?'

ते तिने कुणाला दाखवलं नाही. बाबांसमोर काकाचं नाव काढायची रीत नव्हती. पत्रं आई लिहायची, वर्षाला दोन, आणि आलेली पत्रं पिठाच्या डब्यामागे ठेवायची. अट्रॅक्टाने उलट तार केली, 'तीन गुणांनी. कोलमनचे चार.'

जूनमध्ये पुढची फेरी, मेयोशी. पाऊस, गुडघाभर चिखल, आणि स्लायगो दोन गुणांनी पुढे. आईने जन्मात एक सामना पाहिला नव्हता. चेंडू लाथाडणं हा तिच्या मते दारूचाच एक प्रकार होता. पण त्या सकाळी चर्चमध्ये तिने दोन मेणबत्त्या लावल्याचं अट्रॅक्टाने पाहिलं.

"एक कोलमन नीट पोचावा म्हणून," आई म्हणाली.

"आणि दुसरी?"

"तुला काय करायच्यात चौकशा?"

मग जुलैच्या सुरुवातीला काका स्वतःच आला, पुतण्याला बरोबर घेऊन जायला, असं तो म्हणाला. पण अंतिम सामन्याच्या पंधरा दिवस आधीच कशाला, हे त्याला कुणी विचारलं नाही.

आता तो खुर्चीतून पुढे वाकला. "फेरसामना सहा ऑगस्टला ना?"

"सहा," कोलमन म्हणाला.

"आणि व्हिसा एकतीसला संपतो," फर्गल म्हणाला. "यात बोलण्यासारखं काय आहे मला कळत नाही. नवा काढायचा तर पुन्हा डब्लिन, पुन्हा डॉक्टर, पुन्हा पहिल्यापासून. आणि नोकरी तोवर काय याची वाट बघत बसणार आहे?"

अट्रॅक्टाने बाबांकडे पाहिलं. सबंध उन्हाळाभर या घरात दोन बाजू होत्या. कोलमनने जावं म्हणणारे आई नि फर्गल, आणि तोंडाने काही न म्हणता दर रविवारनंतर त्याचे बूट स्वतः साफ करणारे बाबा. आता बाबा बोलतील, असं तिला वाटलं. ते बोललेही.

"फर्गलचं बरोबर आहे. जाऊ दे त्याला गुरुवारी."

आईच्या हातातली किटली तशीच राहिली. "तू म्हणतोयस हे, मॅलकी?"

"मी म्हणतोय. पोराला नोकरी आहे. चेंडूपायी आयुष्य घालवून कुणाचं काही भलं झालेलं मी पाहिलं नाही."

टायगकाकाने कप बशीत ठेवला. "हे तू बोलतोयस," तो सावकाश म्हणाला. "तीस वर्षं मला पळपुटा ठरवून बसलास, तो तू."

"मी तुला काही म्हटलेलं नाही."

"नाही ना. नाताळाला दोन ओळी लिहिल्या नाहीस. आपली आई गेली ते मला या डिम्फ्नाने कळवलं."

आईने किटली खाली ठेवली. "टायग, पोरांसमोर नको."

"पोरांना काय, गावातून ऐकून पाठ असेल. काय गं अट्रॅक्टा, पाठ आहे ना?"

पाठ होतं. किलव्हार्नातल्या कुठल्याही पोराला विचारा. बावीस वर्षांचा टायग डेव्हनी, डाव्या बगलेचा फॉरवर्ड, असा खेळाडू पुन्हा झाला नाही म्हणतात. अंतिम सामना रविवारी, आणि गडी गुरुवारी घर सोडून अमेरिकेच्या बोटीवर. स्लायगो एका गुणाने हरलं. कॅप्टन होता त्याचाच भाऊ. सामना संपल्यावर कपडेसुद्धा न बदलता तो घरापर्यंत एकटा सायकल मारत आला, असंही सांगायचे.

"हो," अट्रॅक्टा म्हणाली. "ऐकलंय."

"मग राहिलेलं ऐका. बुधवारची संध्याकाळ होती. बापाने जेवताना सांगितलं, उद्या निघायचंय, शनिवारी कोव्हहून बोट सुटते. पुढची बोट पंधरा दिवसांनी होती. मी याच्याकडे बघत बसलो. हा कॅप्टन. बाप आमचा देवाचं ऐकायचा नाही, पण याचं ऐकायचा. याने नुसतं म्हणायचं होतं, बाबा, रविवारपर्यंत राहू दे त्याला. एवढंच." काकाने चुलीपुढच्या फरशीकडे बोट दाखवलं. "तिथे बसून हा बुटांना चरबी चोळत होता. मान वर केली नाही. मी जेवण संपेपर्यंत बघितलं. नंतर बोटीत, आठ दिवस, मी तेच बघत होतो."

पुन्हा एक भोंगा वाजला. कोणी उठून खिडकीकडे गेलं नाही.

बाबांचे हात गुडघ्यांवर होते. मोठे, फुगीर सांध्यांचे हात. या फुटबॉलमध्ये चेंडू हातांनीही झेलायचा, आणि बाबा खेळत होते तेव्हा त्या हातांतून तो सुटत नसे, असं म्हणायचे.

"मला भीती वाटली," ते म्हणाले.

"कुणाची? बापाची?"

"तू राहशील याची." ते भावाकडे न बघता बोलत होते. "तू खेळला असतास तर आपण जिंकलो असतो, टायग. मला ठाऊक होतं. आणि जिंकलो असतो तर तुला कुणी जाऊ दिलं नसतं. अख्खा गाव येऊन बसला असता इथे. आपले बाबा म्हणाले असते, ठीक आहे, जमीन दोघांत वाटून घ्या. चौदा-चौदा एकर. त्यावर बायको आणता येते का? डिम्फ्नाला मी शब्द दिला होता."

"मी चौदा एकरांवर आले असते," आई म्हणाली.

"तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं."

"विचारायचं होतंस."

तिचा आवाज चढला नव्हता, पण ती टेबलाची कड धरून उभी होती. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हे तिला पहिल्यांदा कळत होतं, आणि तेही ब्रेड, हॅम आणि चार माणसं यांच्यासमोर. अट्रॅक्टाला वाटलं, आता काहीतरी फुटेल. पण आई एवढंच म्हणाली, "आणि मग तू त्याच्यावरच रुसून बसलास."

"सोपं होतं ते," बाबा म्हणाले. "गावच म्हणत होतं, टायग असता तर. मी नुसतं हो म्हणत राहिलो. काही वर्षांनी मलाच ते खरं वाटायला लागलं." मग त्यांनी मान वळवली, पण काकाकडे नाही. "म्हणून म्हणतो, जाऊ दे कोलमनला. चार वर्षं फर्गलचं तोंड बघतोय मी. तेच तोंड मला दाढी करताना आरशात दिसायचं."

फर्गलचे कान लाल झाले. त्याने खुर्ची मागे सारली. "गाईंची वेळ झाली," असं म्हणून तो उठला आणि दार उघडं टाकून अंगणात गेला.

"मला कुणी विचारणार आहे का?" कोलमन म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यावर ओलं फडकं धरून बसलेला तो पोरगा तेवीस वर्षांचा होता, आणि त्याच्या जाण्याबद्दल तीन वर्षं घरात सगळे बोलत होते, तो सोडून.

"विचारते," अट्रॅक्टा म्हणाली. "सांग."

"चेंडू ठेवला ना शेवटी, तेव्हा माझ्या मनात आलं. ही चुकली तर गुरुवारी मी विमानात. कुणी नाव ठेवणार नाही, एवढ्या लांबून कुणाचीही चुकते. फर्गल मोकळा, मी मोकळा." त्याने फडकं उलटं केलं. "पण पाय ऐकेना. काय करू? मी जाणार आहे, काका. मला जायचंय. इथे मी काय, फर्गलच्या लग्नात कोपऱ्यात बसू? पण अर्ध्यावर टाकून नाही जाता येत मला."

"आणि व्हिसा?" आईने विचारलं.

"कागद मी पुन्हा भरीन," काका म्हणाला. "वर्ष लागेल, दीड लागेल. नोकरी ही नाही तर दुसरी."

"तू त्याला न्यायला आला होतास ना?"

"मी सामना बघायला आलो होतो, डिम्फ्ना," काका म्हणाला. "न्यायचं हे बायकोला सांगायला."

आईला हसू आलं, आणि ते लपवायला तिने ब्रेडचं ताट उगाच इकडचं तिकडे केलं. अट्रॅक्टाने मोजलं. काका आता थांबण्याच्या बाजूला, बाबा जाण्याच्या, आणि आई दोन मेणबत्त्यांच्या मधोमध. राहिला फर्गल.

तो बराच वेळ आला नाही. अट्रॅक्टा दुधाची बादली आणायच्या निमित्ताने गोठ्याकडे गेली. एकही गाय आत घेतलेली नव्हती. फर्गल भिंतीला टेकून उभा होता.

"ब्रीजी एकतीस वर्षांची होईल ऑक्टोबरात," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"ती काही बोलत नाही. तेच वाईट. बोलली असती तर भांडता आलं असतं." त्याने बुटाने एक ढेकूळ फोडलं. "मी त्याच्यावर जळतो असं वाटतं तुला?"

"नाही."

"जळतो थोडासा. आज तो चेंडू वर गेला ना, माझ्या शेजारी एक म्हातारा उभा होता, बॅलिमोटचा कुणीतरी. तो रडायला लागला. मला म्हणतो, हा पोरगा कोण ठाऊक आहे का तुला? मी म्हटलं, माझा भाऊ." त्याने आणखी एक ढेकूळ फोडलं. "आणि तेव्हाच मनात देवाला म्हणत होतो, पडू दे बाहेर. दोन्ही एकदम. असं होतं का गं कुणाचं?"

"आईला विचार," अट्रॅक्टा म्हणाली.

तो आत गेला तेव्हा ती मागोमाग होती. कुणीच जागचं हललं नव्हतं. फर्गल आपल्या जागी बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"सहा तारखेपर्यंत थांब," तो कोलमनला म्हणाला. "मग कागद होईपर्यंतही थांब. ब्रीजीशी मी बोलतो. वरची खोली दोघांत वापरलीच आहे आपण इतकी वर्षं, तू माळ्यावर झोप. ती हो म्हणाली तर लग्न ऑक्टोबरात करून टाकू. चार वर्षांत मी तिला विचारलंच नाही की अशा घरात येशील का."

"विचार रे, विचार," आई म्हणाली. ती फर्गलशी बोलत होती, पण बघत होती नवऱ्याकडे.

काका उठला. खुर्ची बाबांकडे सरकवत म्हणाला, "तुझी आहे ना ही? मला सांगायचं तरी."

"बस तू," बाबा म्हणाले. "मला इथून फाटक दिसतं."

पुढचे तीन आठवडे हवा चांगली राहिली. गवत कापून, वाळवून, गंजीवर चढलं. गंजीच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला काका. अजूनही ते हवा नि गवत यांविषयीच बोलत, पण आता भांडत. गंजी कुणी वाकडी केली यावरून एकदा दोघे दुपारचं जेवायला आले नाहीत. काकाने बोस्टनला तार केली, 'फेरसामना. उशीर होईल.' अट्रॅक्टाने ती पाठवताना विचारलं, काकू काय म्हणेल? तो म्हणाला, "मी नुसता पुतण्याला न्यायला आलो नव्हतो, हे तिलाही ठाऊक असेलच." ब्रीजी हो म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की फर्गल दोन दिवस गोंधळल्यासारखा हिंडत होता.

सहा ऑगस्टला सगळं घर तुआमला गेलं, लॅव्हिनांच्या लॉरीत मागे बाक टाकून. आईही. तिने चर्चची टोपी घातली होती आणि मांडीवर सँडविचचा डबा धरला होता. पहिली दहा मिनिटं तिने मैदानाकडे पाहिलंच नाही. मग गॉलवेच्या एका धिप्पाड बॅकने कोलमनला खांद्याने आडवा केला, आणि आई उभी राहून, चारचौघांत, त्या माणसाच्या आईच्या नावाने काहीतरी म्हणाली. बाबा दुसरीकडे बघू लागले. त्यानंतर ती खाली बसली नाही.

मध्यंतराला स्लायगो दोन गुणांनी पुढे होतं. कोलमनने त्या दिवशी सहा गुण मारले. तीस हजार माणसांत त्याच्यावर लक्ष नव्हतं असा कुणी नसेल. पण शेवटच्या पंधरा मिनिटांत पाय जड झाले. गॉलवेने चेंडू एकदा जाळीत घातला, त्याचे तीन गुण, मग तीन वेळा दांडीवरून, आणि संपलं. चार गुणांनी.

हे असं झालं. कप गॉलवेनेच नेला, आणि स्लायगोला पुन्हा तिथवर पोचायला बरीच वर्षं लागली. कोलमन चौदा महिन्यांनी गेला, पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात. तोवर फर्गलची मोठी मुलगी पाळण्यात होती. कोलमनची नोकरी गॅस कंपनीत नव्हती, पुलांच्या कामावर होती, आणि ती त्याला आवडली. पत्रांत तो नेहमी एकच विचारायचा. अट्रॅक्टा तारेने कळवायची, कितीने.

पण तिला त्या उन्हाळ्यातलं सगळ्यांत जास्त आठवायचं ते सामना संपल्यानंतरचं. लोक दोर ओलांडून मैदानात उतरले होते. कोणी खेळाडूंच्या पाठीवर थोपटत होतं, कोणी नुसतंच हिंडत होतं. हरलेल्या बाजूची माणसं घरी जायला घाई करत नव्हती. बाबा आणि काका मैदानाच्या मध्याशी पोचले होते. आई, फर्गल नि ती दोराशी उभी होती, पण वारा इकडचा होता, त्यामुळे शब्द ऐकू येत होते.

"त्या रविवारी मी कुठे असतो रे?" काकाने विचारलं.

बाबांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांनी काकाचा दंड धरला आणि त्याला डावीकडे घेऊन गेले, गोलच्या दिशेने, लोकांमधून वाट काढत. "इथे," ते म्हणाले. "नाही, थोडा बाहेर. आणखी. तुला बगलेला चिकटून राहायची खोड होती. हां, इथे."

अमेरिकन बुटांतला, पोट सुटलेला, हातात हॅट धरलेला काका तिथे उभा राहिला. बाबा मागे वळून स्वतःच्या जागी चालत गेले, चाळीस पावलं, मोजल्यासारखी. तिथे थांबून त्यांनी तोंड फिरवलं. दोघांच्या मधून माणसं जात होती, एक बाई पोराला ओढत नेत होती. काकाने हात वर केला, खेळाडू चेंडू मागताना करतात तसा. बाबांनी मान हलवून दाखवलं की आत सरक. काका सरकला.

कोलमन कपडे बदलून आला. केस ओले होते आणि डोळे लाल. तो आईशेजारी दोराला टेकून उभा राहिला आणि थोडा वेळ बघत राहिला.

"काय करतायत ते दोघं?"

आईने सँडविचचा डबा उघडला आणि त्याच्यापुढे धरला.

"खेळतायत," ती म्हणाली. "खा तू."